शंभर भागांचा हिशेब : गेमिंग कॉम्प्युटर जुळवताना ठेवलेल्या नोंदी

८ जून २०२५

भाच्याने आज यादी आणून दिली. वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून दोन रकाने केलेत : भाग आणि किंमत. दोन वर्षं साठवलेले पैसे त्याने एका डब्यात ठेवलेत, आणि ते पुरतील असं त्याला वाटतं. मलाही वाटतं, फक्त वाटणी बदलावी लागेल.

किमती दर आठवड्याला हलतात, म्हणून मी एकूण रक्कम शंभर भाग धरली आणि त्याची यादी त्या मापात लिहून काढली. आठ कोअरचा (कोअर म्हणजे स्वतंत्र काम करणारा गाभा) प्रोसेसर २८, मदरबोर्ड (ज्यावर सगळं जोडतात तो, पुढे नुसता 'बोर्ड') २०, ग्राफिक्स कार्ड २२, चमकणारी रॅम (तात्पुरती मेमरी) १०, एसएसडी (साठवणीची डिस्क) ८, काचेचं कॅबिनेट ९, आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला उरले ३. एसएमपीएस तीनच का, असं विचारलं तर म्हणाला, "मावशी, तो कॅबिनेटबरोबर येतो ना."

पहिला खटका तिथेच उडाला. आज मात्र काही बदललं नाही. नोंदी ठेवायच्या एवढं ठरवलं, म्हणजे कुठला निर्णय का घेतला हे दोघांनाही मागे जाऊन पाहता येईल.

९ जून

भाग निवडायचे तर सुरुवात शेवटापासून करावी लागते : चित्र दिसणार कुठे? घरात मॉनिटर आहे. १९२० बाय १०८०, रिफ्रेश रेट ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतं), चांगल्या स्थितीत. तो बदलायचा नाही हे दोघांनी मान्य केलं. कीबोर्ड आणि माउसही आहेत तेच.

मग गणित सोपं झालं. एका फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, २०,७३,६०० पिक्सेल. सेकंदाला ७५ फ्रेम हव्यात, म्हणजे एक फ्रेम १३.३ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. त्याहून जास्त फ्रेम काढल्या तरी हा मॉनिटर त्या दाखवू शकत नाही. २५६० बाय १४४० चा पडदा असता तर ३६,८६,४०० पिक्सेल झाले असते, पावणेदोन पटीहून थोडं जास्तच काम, आणि आमचं बजेट तिथेच संपलं असतं.

भाच्याला कागदावर काढून दाखवलं. कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, दरवाजा उघडला की नाही हे प्रोसेसर ठरवतो आणि काय काढायचं त्याचे हुकूम कार्डाला देतो. ते पिक्सेल रंगवायचं काम कार्डाचं. पडदा मोठा झाला तर प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं, कार्डाचं वाढतं. ७५ फ्रेमसाठी आजच्या बहुतेक गेम्सना सहा कोअर, बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी बारा कामं) पुरतात. उरलेल्या दोन कोअरचे पैसे कार्डात घातले तर ते पडद्यावर दिसतात.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग त्याने स्वतःच २८ खोडलं.

११ जून

प्रोसेसर. तीन वाटा होत्या.

एएमडी कंपनीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा) सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही या सॉकेटला साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलंय. पुढे प्रोसेसर बदलायचा तर हीच वाट सगळ्यात चांगली. पण तिला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते, बोर्डही महाग. आमच्या शंभरातले दहाएक भाग जास्तीचे गेले असते आणि ते कार्डातूनच काढावे लागले असते.

इंटेलचा आय५-१२४००एफ : सहा कोअर, बारा थ्रेड, आधीच्या पिढीच्या डीडीआर४ रॅमचे बोर्ड मिळतात. याच्याविरुद्ध बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. ज्याला बोर्डासकट तो स्वस्तात मिळतोय त्याने डोळे झाकून घ्यावा. नावातल्या 'एफ'चा अर्थ तेवढा लक्षात ठेवायचा : आतमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

तिसरी वाट एएमडीचंच जुनं एएम४ सॉकेट आणि रायझन ५ ५६००. एप्रिल २०२२ चा प्रोसेसर, सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), डब्यातच कूलर. आमच्या हिशेबात हा आणि त्याचा बोर्ड मिळून सगळ्यात कमी भागांत बसले. रायझन २०१७ पासून या सॉकेटवर आहे आणि आता ते उताराला लागलंय. तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल. हे मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. त्याचं उत्तर होतं, "तीन वर्षांनी मी परत साठवीन." निर्णय झाला.

१२ जून

काल ५६०० ठरवला आणि आज भाचा आनंदाने सांगत आला की त्याच्यासारखाच ५५०० बराच स्वस्त मिळतोय, आणि ५६००जी नावाचाही एक आहे ज्यात ग्राफिक्स आत येतं. वरवर पाहता तिघे भाऊ. सहा कोअर, बारा थ्रेड, तेच सॉकेट. पण ही जागा फसवी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे. ५५०० आणि ५६००जी मध्ये १६. गेममध्ये प्रोसेसर पुन्हा पुन्हा त्याच माहितीकडे वळतो. ती कॅशमध्ये सापडली नाही की रॅमपर्यंत जावं लागतं, आणि त्या फेऱ्यांमुळे फ्रेम अडखळतात. मोकळ्या जगाच्या गेममध्ये हा फरक डोळ्यांना जाणवतो.

दुसरा फरक जास्त लपलेला आहे. पीसीआयई म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातली माहितीची वाट. ५६०० पीसीआयई ४.० बोलतो, ५५०० आणि ५६००जी ३.० वरच थांबतात. ४.० चालवणारा बी५५० बोर्ड घेतला तरी प्रोसेसरच ३.० चा असेल तर कार्डाला ३.० च मिळतं. एरवी मी याकडे दुर्लक्ष केलं असतं, पण स्वस्त कार्डांची एक खोड आहे. स्लॉट सोळा लेनचा (लेन म्हणजे त्या वाटेतली एक मार्गिका), कार्डाची लांबीही तेवढीच, पण आत जोडलेल्या लेन आठच. रेडिऑन आरएक्स ६६०० असं आहे. ४.० वर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट जातात, ३.० वर त्याच्या निम्मे. व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) पुरेशी असेल तोवर फारसं बिघडत नाही. ती भरली की टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं) रॅममधून याच वाटेने आणावी लागतात, आणि नेमकी तेव्हा वाट अर्धी असते. आरएक्स ६५०० एक्सटी मध्ये तर लेन चारच आहेत आणि व्हीरॅमही ४ जीबी. ते कार्ड जुन्या बोर्डावर लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

५६००जी वाईट नाही. ज्याला कार्डासाठी अजून सहा महिने साठवायचंय त्याला तोवर तो चालवून घेतो. आमचं तसं नाही. ५६०० कायम. १७ भाग.

१५ जून

कार्ड. आठवडाभर फक्त नावं वाचतेय.

५ जूनला आलेलं आरएक्स ९०६० एक्सटी भाच्याला फार आवडलंय. ८ जीबी आणि १६ जीबी, दोन्हींना नाव तेच. १६ वालं घ्यावंसं मलाही वाटतं, पण त्यात आमचे निम्म्याहून जास्त भाग जातात. सोडलं.

नावांचा घोळ मात्र नोंदवायलाच हवा, कारण पैसे तिथेच बुडतात. एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं आहे : ८ जीबीचं आणि २०२४ साली आलेलं ६ जीबीचं. दुसऱ्यात व्हीरॅमच कमी नाही, कोअरही कमी आहेत आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटांवरून ९६ वर आलाय. आरटीएक्स ३०६० चंही तेच. मूळचं १२ जीबीचं, १९२ बिट, सेकंदाला ३६० गिगाबाइट. मागाहून आलेलं ८ जीबीचं, १२८ बिट, २४० गिगाबाइट. डब्यावर अक्षरं तीच. म्हणून नियम केला : नाव वाचायचं, मग व्हीरॅम, मग मेमरीची रुंदी. तिन्ही जुळल्याशिवाय किंमत विचारायचीच नाही.

उरली दोन. नवं आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॅट, पूर्ण वॉरंटी. किंवा वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी, १७० वॅट. १०८० वर दोघंही ७५ फ्रेमच्या आसपास नेतात, काही गेममध्ये सेटिंग थोडं खाली आणून. माझा कल १२ जीबीकडे आहे. टेक्श्चर उंचावर ठेवली तर चित्र खूप सुधारतं, आणि व्हीरॅम पुरेशी असेल तर त्यासाठी कार्डाला जवळपास काहीच जास्त घाम गाळावा लागत नाही. छाया, धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं कमी केली तर चालतात. टेक्श्चर पुसट झाली की सगळा गेमच जुना दिसायला लागतो.

पण वापरलेलं कार्ड म्हणजे दुसऱ्याने ते कसं वागवलं यावर आपला भरवसा.

१८ जून

पहिलं वापरलेलं कार्ड पाहिलं. फोटोत १२ जीबी म्हणून सांगितलेलं, हातात घेऊन मागचा स्टिकर वाचला तर ८. परत आलो.

२१ जून

दुसरं. कार्ड स्वच्छ, पण कूलरच्या चारही स्क्रूंची डोकी घासलेली. विकणारा म्हणाला, कधीच उघडलं नाही. बिलही नव्हतं. भाच्याला ते घ्यायचं होतं. त्याचा चेहरा पाहून मलाही वाईट वाटलं, पण ३८ भाग एका शब्दावर द्यायचे नाहीत.

२४ जून

तिसरं घेतलं. ते का घेतलं हे नीट लिहून ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल.

बिल होतं, २०२३ च्या शेवटचं, तीन वर्षांच्या वॉरंटीचं. म्हणजे अजून वर्षभराहून जास्त शिल्लक. तारखेला आणखी एक अर्थ आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं त्याचं मायनिंग (गणितं सोडवून नवं चलन मिळवणं) थांबलं. त्यानंतर विकत घेतलेलं कार्ड मायनिंगमध्ये रात्रंदिवस झिजलं असण्याची शक्यता खूप कमी. मायनिंग झालेलं प्रत्येक कार्ड खराबच असतं असं नाही, पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड तेवढे थकतात. तरी चिंता नको ती नकोच.

कार्ड विकणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी तीन आकडे तपासले : १२ जीबी, १९२ बिट, ३५८४ कोअर. मग अर्धा तास पूर्ण भार. पंख्यांना कान लावून बसलो, खरखर नाही. पडद्यावर ठिपके नाहीत, पट्टे नाहीत. कार्डाचं तापमान ७१ अंश आणि सगळ्यात तापलेल्या बिंदूचं ८३. हा फरक पंचवीस-तीस अंशांचा असता तर आतली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली असं धरून मी उठले असते. शेवटी चारही पोर्टांना आळीपाळीने केबल लावून पाहिली. चौथ्या पोर्टला चित्र आलं तेव्हा भाच्याने माझा हात घट्ट धरला होता.

३८ भाग.

२६ जून

कार्ड आल्यामुळे बोर्डाचा निर्णय पुन्हा उघडावा लागला. ३०६० चं हे रूप पूर्ण सोळा लेनचं आहे. म्हणजे पीसीआयई ३.० च्या बोर्डावरही त्याला सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट मिळतातच. मग ४.० साठी बी५५० कशाला? ३.० चा स्वस्त ए५२० बोर्ड घेतला तर चार-पाच भाग वाचतात.

दोन दिवस ही गोष्ट डोक्यात होती. शेवटी बी५५० च ठेवला. कार्ड हा या यंत्रातला सगळ्यात लवकर शिळा होणारा भाग आहे. आधी तेच बदललं जाणार. आणि या किमतीच्या पट्ट्यात त्यानंतर आलेली कार्डं, आरटीएक्स ४०६०, आरएक्स ७६००, नुकतंच आलेलं आरटीएक्स ५०६०, सगळी आठ लेनची. उद्याचं कार्ड त्याच जातीचं असणार. आज वाचवलेले चार भाग तेव्हा अडवणूक करतील. कार्ड आजच्यासाठी घ्यायचं, बोर्ड पुढच्या कार्डासाठी.

बोर्ड मायक्रो एटीएक्स (छोट्या मापाचा), रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी एम.२ चे दोन. ६५ वॅटच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचा फार मोठा थाट लागत नाही, त्यावर एक साधा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) असला की झालं. एक गोष्ट मात्र आवर्जून पाहिली : मागे बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्राम) बदलायचं बटण आहे का. जुन्या बायोसचा बोर्ड आला आणि त्याने प्रोसेसर ओळखला नाही, तर पेनड्राइव्ह लावून त्या बटणाने प्रोसेसरशिवाय बायोस नवा करता येतो. १४ भाग.

२९ जून

आज एसएमपीएस. यासाठी मी भाच्याशी खरोखर भांडायला तयार होते, पण वेळ आली नाही.

दोन एसएमपीएसचे स्टिकर शेजारी शेजारी ठेवले. एकावर मोठ्या अक्षरात '५०० वॅट'. बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली २५ अँपियर. बारा गुणिले पंचवीस, तीनशे. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाटेला दाखवलेत, जिथे आजच्या कॉम्प्युटरला त्यांची गरजच नाही. दुसऱ्यावर ५५० वॅट आणि १२ व्होल्टला ४५ अँपियर, म्हणजे ५४०. भाच्याने गुणाकार स्वतः केला आणि गप्प झाला.

आमची गरज अशी : कार्ड १७०, प्रोसेसर छापील ६५ पेक्षा थोडा वर जातो म्हणून ८० धरला, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०. तीनशे वॅट. मग ५५० का? कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या आकड्याच्या बऱ्याच वर उडी मारतं. एसएमपीएसला ती उडी झेपली नाही तर तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि चालू खेळात पडदा काळा. एनव्हिडियाही ३०६० साठी ५५० च सांगते.

८० प्लस ब्राँझचा शिक्का चांगला, पण तो काय सांगतो ते समजून घ्यावं. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते एवढंच तो मोजतो. ब्राँझला ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ८५ टक्के लागतात. विजेची लहर किती गुळगुळीत आहे, शॉर्ट झालं तर पुरवठा तुटतो का, जास्त व्होल्टेज आलं तर काय होतं, हे त्या शिक्क्यात नाही. एसएमपीएससाठीच्या एटीएक्स नियमात १२ व्होल्टवरच्या लहरीची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे. चांगले एसएमपीएस त्याच्या निम्म्याच्याही खाली राहतात. त्यासाठी कुणीतरी उघडून, यंत्रावर लावून केलेली सविस्तर चाचणी वाचावी लागते. मी तीन वाचल्या, मग निवडलं.

पाच वर्षांची वॉरंटी, ९ भाग. इतर सगळे भाग बदलले तरी हा पुढच्या कॉम्प्युटरमध्येही बसेल. त्याच्या पहिल्या यादीत याला ३ होते.

१ जुलै

रॅम : ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२०० (वेग), सीएल१६ (प्रतिसादाला लागणारा वेळ). १६ ची एकच पट्टी घेतली असती तर बँडविड्थ (माहिती नेण्याचा वेग) निम्मी, सेकंदाला ५१.२ ऐवजी २५.६ गिगाबाइट. ३२ जीबी घ्यावी असं मनात होतं, पण दोन स्लॉट रिकामे आहेत, पुढे घालता येईल. चमकणारी घेतली नाही. ७ भाग.

एसएसडी : १ टीबी, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), टीएलसी (मेमरीच्या एका कप्प्यात तीन बिट). चार बिटांची क्यूएलसी थोडी स्वस्त होती, पण मोठी फाइल टाकताना कॅश भरली की तिचा वेग फारच खाली येतो, आणि आताचे काही गेम शंभर जीबीच्या पुढे गेलेत. ८ भाग.

३ जुलै

कॅबिनेटला उरले ७.

भाच्याच्या यादीतल्या कॅबिनेटला समोर सपाट काच होती. दिसतं छान, पण पंखे त्या काचेमागे हवा शोधत बसतात. जाळीचं तोंड असलेलं घेतलं. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, तिन्ही त्याच्याबरोबरच आलेले. खाली एसएमपीएसची जागा आणि निघणारी जाळी. कार्डाची लांबी मोजून घेतली, समोरच्या पंख्यांपर्यंत चार बोटं मोकळी राहतात.

त्याचा चेहरा उतरला होता. मग माझ्याकडून लाइटची एक पट्टी दिली, शंभराच्या बाहेर. ही पट्टी ५ व्होल्टची, तीन पिनांची आहे. बोर्डावर १२ व्होल्टचं चार पिनांचं कनेक्टरही असतं, दिसायला जवळपास तसंच. त्यात ५ व्होल्टची पट्टी लावली तर ती जळते. बोर्डाच्या पुस्तिकेत त्या जागेवर त्याने लाल पेनाने गोल केलाय.

आता शंभर पूर्ण : कार्ड ३८, प्रोसेसर १७, बोर्ड १४, एसएमपीएस ९, एसएसडी ८, रॅम ७, कॅबिनेट ७.

९ जुलै

सगळं आलं. कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर जोडणी केली. एखादा भाग खराब निघाला तर पुन्हा सगळं उसकायला नको.

प्रोसेसर भाच्याने बसवला. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, तेराशेहून जास्त, आणि एक वाकली तरी काम थांबतं. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला की प्रोसेसर आपल्याच वजनाने खाली बसतो. दाबायचं नाही. त्याने श्वास रोखून ठेवला, तो खाली गेल्यावर सोडला.

डब्यातल्या कूलरसाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन धारक काढावे लागतात. ते काढले की मागची धातूची पट्टी सुटून पडते, तिला खालून हात लावून ठेवायचा. चार स्क्रू तिरके आळीपाळीने, थोडे थोडे. पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, वरून आणखी लावली नाही.

चालू केलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

बोर्डावर मेमरीचा छोटा दिवा पेटलेला. भाचा पांढरा पडला होता. त्याला म्हटलं, "घाबरू नकोस, बोर्ड आपल्याला कुठे बघायचं ते सांगतोय." पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये होत्या, म्हणजे जागा बरोबर. पण या बोर्डाच्या स्लॉटला कुलूप एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूने पट्टी बसल्यासारखी दिसते, बसलेली नसते. वीज काढून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबलं, कट्ट असा आवाज झाला. पुन्हा चालू. बायोसचा पडदा आला आणि त्यात ५६०० हे नाव होतं.

आम्ही दोघं काही न बोलता तो पडदा बघत राहिलो.

१० जुलै

कॅबिनेटमध्ये बसवणं. प्रोसेसरची आठ पिनांची वायर बोर्ड घालण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्यावी, नंतर हात जात नाही. समोरच्या बटणांच्या बारीक तारा जोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

१२ जुलै

विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतेय, म्हणून थेट ११. त्यासाठी बायोसमध्ये टीपीएम (सुरक्षेची सोय) चालू केलं, कॉम्प्युटर सुरू करायची जुनी सीएसएम पद्धत बंद केली. ती बंद झाल्यावर री-साइझेबल बारही चालू करता आलं, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसते.

रॅम ३२०० ची असूनही २४०० वर चालत होती. बायोसमधलं एक्सएमपी (रॅमला तिचा छापील वेग लावणारं सेटिंग) चालू करेपर्यंत ती तशीच राहते. किती जणांनी ३२०० चे पैसे देऊन वर्षानुवर्षं २४०० वर खेळ केला असेल, असं मनात आलं. मॉनिटरही तसाच, विंडोजने ६० हर्ट्झ धरलेलं. ७५ केलं.

मॉनिटरला फ्रीसिंक (कार्डाच्या तालावर पडदा बदलण्याची सोय) आहे, पण एनव्हिडियाच्या कार्डावर ते चालायला या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टची केबल लागली. एचडीएमआयवर पर्यायच दिसत नव्हता. फ्रेमची मर्यादा ७२ वर बांधली, म्हणजे मॉनिटर आणि कार्ड कायम एकाच तालात राहतात.

१३ जुलै

मोकळ्या जगाचा गेम, टेक्श्चर सगळ्यात वर, छाया मध्यम. व्हीरॅम ८ जीबीच्या पुढे गेलेली पाहिली आणि १८ जूनला आम्ही परत आलो ते आठवलं. मर्यादा काढून सेकंदाला सरासरी ८४ फ्रेम, सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग ५९. एक्सएमपी बंद करून मुद्दाम पुन्हा मोजलं : सरासरी ७८, पण तो संथ एक टक्का ४७. सरासरी पाहिली असती तर फरक किरकोळ वाटला असता. गाडी गर्दीच्या चौकात शिरते तेव्हाचा हिसका त्या दुसऱ्या आकड्यात असतो.

तासाभराने कार्ड ६९ अंश, प्रोसेसर ७६. डब्यातल्या कूलरला एवढं ठीक आहे. पंख्याचा आवाज वर-खाली होत होता, म्हणून बायोसमध्ये त्याचा वेग जरा उशिरा वाढेल असा लावला.

२० जुलै

भाचा आठवडाभर रोज खेळतोय. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. काल भाच्याने मला बोलावून डोंगरावरून सूर्य उगवताना दाखवला, गेममधला. गवताचं प्रत्येक पातं वेगळं हलत होतं. "मावशी, हे आठ कोअरमध्ये दिसलं नसतं ना?" असं विचारलं. म्हटलं, "दिसलं असतं, पण गवत पुसट असतं."

राहिलेली कामं : खालची जाळी महिन्याने काढून धुणे. रॅमच्या तशाच दोन पट्ट्या मिळाल्या तर पाहणे. कार्डाची वॉरंटी कधी संपते ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहिणे. एसएमपीएसच्या न वापरलेल्या केबली एका पिशवीत घातल्या आणि पिशवीवर त्याचं मॉडेल लिहिलं. दुसऱ्या एसएमपीएसची केबल टोकाला तशीच दिसते, पण आतल्या बाजूच्या पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि मग लावलेला भाग जळतो. ती पिशवी, सगळी बिलं आणि पट्टीने रेघा मारलेलं वहीचं पहिलं पान, तिन्ही बोर्डाच्या डब्यात ठेवली.